भाग जात नाही

रविवारी जेवण करून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात भाचा मोबाइल नाचवत आला. "मामा, नाणी वाढतच नाहीयेत!" कसलीशी युक्ती लढवून त्यानं गेममध्ये अमाप माया जमवली होती आणि ती एका आकड्यावर येऊन अडली होती. 2147483647. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

मी उठूनच बसलो. परगावच्या एसटी स्टँडवर गाववाला भेटावा तसं झालं.

"अरे, ही मूळ संख्या आहे!"

"म्हणजे आता वाढणार नाही?"

ही खोड आजोबांची. संध्याकाळी शुभंकरोतीनंतर पाढे, आणि लाइट गेले की जरा जास्तच, कारण पाढ्यांना उजेड लागत नाही. एकोणतीसच्या पाढ्यात माझा आवाज हळूहळू खाली जायचा. मग ते मध्येच विचारायचे, "एक्क्याण्णव?" मी छातीठोकपणे, "भाग जात नाही!" अंधारातून यायचं, "तेरा साते?" तेव्हापासून एक्क्याण्णववर माझा राग आहे. दिसायला इतका सज्जन आकडा. अजूनही सिग्नलला पुढच्या गाडीचा नंबर फोडत बसतो आणि मागचे हॉर्न वाजवतात.

भाच्याच्या आकड्याला भाग जात नाही, हे गणितज्ञ ऑयलरनं 1772 मध्ये दाखवलं. सेंट पीटर्सबर्गला, दृष्टी जवळपास गेलेली असताना. 2 चा 31 वा घात, वजा 1. सरळ भागत सुटायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, 46340 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या, म्हणजे पावणेपाच हजारांच्या आसपास. ऑयलरनं आधी सिद्ध केलं की भाग गेलाच तर अशाच मूळ संख्येनं जाईल, जिला 248 नं भागल्यावर 1 किंवा 63 उरतात. अशा निघाल्या 84. चौऱ्याऐंशी भागाकार, आणि दर वेळी बाकी! आजोबांना हा माणूस आवडला असता. आता 2024 मध्ये सापडलेल्या मूळ संख्येत चार कोटींहून जास्त अंक आहेत म्हणे, पण ती काही परवचाला म्हणता यायची नाही.

गेमला या मूळपणाशी काही देणंघेणं नाही. त्याच्याकडे आकडा ठेवायला बत्तीस खण, प्रत्येकात 0 नाहीतर 1. एक अधिक-उण्याच्या चिन्हाला, बाकीचे एकतीस भरले की खेळ खलास. भाच्याला हे पटलं, पण नाणी मिळाली नाहीत म्हणून तो रुसलाच.

जुनी संगणकी घड्याळं याच खणांत 1970 च्या पहिल्या क्षणापासूनचे सेकंद मोजतात. खण भरतील 19 जानेवारी 2038 ला, मंगळवारी, आपल्या सकाळच्या 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी. माझा दुसरा चहा चालू असेल. पुढच्या सेकंदाला, दुरुस्त न केलेली घड्याळं उलटी फिरून डिसेंबर 1901 मध्ये जाऊन पडतील.

तेव्हा आजोबा जन्मालाही आले नव्हते. ते 1913 चे. मूळ आहे, भागून पाहिलंय.