अंबाजोगाईत अडलो ते झेरॉक्सपायी

अंबाजोगाईला मुक्कामी जाणार असाल तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या आधार कार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स घरूनच न्या. आमची अख्खी सकाळ त्यापायी गेली, म्हणून हे सगळ्यात आधी.

परळीला रेल्वेतून उतरलो, तिथून साधारण 25 किलोमीटर. लॉजवर पोचलो साडेसहाला. खोली फोनवर सांगून ठेवलेली, चावी समोर खिळ्याला. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, चौघांच्या झेरॉक्स द्या, मग चावी." मूळ कार्डं दाखवली, मोबाईलवर फोटो पाठवतो म्हटलं. "मालकांनी कागदच लावायला सांगितलाय." रजिस्टरमध्ये नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, सगळं भरलं, चावी खिळ्यालाच. झेरॉक्सचं दुकान साडेनऊला उघडलं आणि लाईट गेली. सत्तरीची आई तोवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. चावी मिळाली सव्वादहाला. नोंद ठेवावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण फोनवर हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तेव्हा खोली ठरवतानाच कागद काय लागतात ते विचारा, आणि चेकआऊट 24 तासांचं की ठरल्या वेळेचं तेही. झेरॉक्स मास्क्ड आधारची द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. वर तारीख आणि 'फक्त खोलीसाठी' असं लिहा.

मार्गशीर्ष पौर्णिमेला योगेश्वरीची यात्रा असते, तेव्हा खोली आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. कोकणस्थांची ही कुलदेवता, त्यामुळे लांबून कुटुंबंच्या कुटुंबं येतात.

जयंती नदीकाठचं हत्तीखाना लेणं मात्र चुकवू नका. खडक कोरून काढलेला उघडा चौक, मधोमध नंदीमंडप, दगडी हत्ती. आतल्या खांबांमागे अंधार असतो, टॉर्च लागतोच. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी दरीत आहे. गुडघे दुखणाऱ्यांना उतरण्यापेक्षा परत चढणं जड जातं. आईला आम्ही वरच बसवलं.

जुन्या नकाशांत हे गाव मोमिनाबाद म्हणून शोधा. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या राज्यातल्या फौजेच्या घोडदळाची छावणी इथे होती. बालाघाटाच्या माथ्यावरची हवा अंगाला लागली की छावणीला हीच जागा का निवडली असेल ते लगेच पटतं.

परतताना काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही. रेल्वेच्या वेळेआधी दोन तास हातात ठेवूनच निघा.