टँजियरचा पोरगा, पोर्तोचं स्टेशन आणि आपलं पणजी

पोर्तुगालमधल्या पोर्तोला येऊन गेलेल्या आपल्या मंडळींनी साओ बेंतो स्टेशनचे इतके फोटो टाकलेत की निळ्या टाइल्सचं वर्णन मी करत बसत नाही. 20 हजारांच्या आसपास टाइल्स आहेत, बास. आज लिहायला बसलो कारण ऑफिसातला एक जण जेवताना म्हणाला, "असलं काम तुमच्याकडे कुठे बघायला मिळणार," आणि माझं डोकंच सटकलं.

अरे बाबा, ज्या जॉर्ज कोलासोने हे स्टेशन रंगवलं त्याचंच काम आमच्या पणजीत आहे! मेनेझेस ब्रागांझा इन्स्टिट्यूटच्या दारातून आत शिरलं की समोर, 1935 चं, पोर्तुगीज कवी कामोईंशच्या महाकाव्यातले प्रसंग. आता आम्ही सावंतवाडीची माणसं, पणजीला जायचो ते बाजार उरकून परतीची बस पकडायला, भिंती बघत कोण फिरणार, आणि त्यात काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

माणूस मात्र भन्नाट. 1868 चा जन्म, तोही पोर्तुगालमधला नाही, मोरोक्कोतल्या टँजियरचा, बाप तिथे वकिलातीत. मग माद्रिद, पॅरिसला चित्रकला शिकला, पुढे लिस्बनला व्यंगचित्रं काढली, राजेशाही गेल्यावरही हा राजाच्याच बाजूचा, पण नाव झालं ते टाइल्समुळे. 1922 च्या रिओ प्रदर्शनातल्या पोर्तुगीज पॅव्हिलियनला याच्या टाइल्स होत्या, आणि नंतर ते अख्खं पॅव्हिलियन लिस्बनला आणून परत उभारलं!

मला खुपतं ते सेउताचं पॅनल. 1415 ला पोर्तुगालच्या राजाने राजपुत्र हेन्रीला सोबत घेऊन मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता घेतलं, तो विजय स्टेशनात हा एवढा मोठा. पण त्याच हेन्रीने 1437 ला टँजियरवर स्वारी केली आणि सपाटून मार खाल्ला, धाकट्या भावाला, फर्नांडोला, ओलीस ठेवून परतले आणि तो बिचारा 1443 ला फेझमध्ये कैदेतच मेला, त्याची एक टाइल नाही. रंगवणारा स्वतः टँजियरमध्ये जन्मलेला! लहानपणी ज्या गावात खेळला त्या गावाने याच राजपुत्राला पळवून लावलं होतं हे त्याला ठाऊक नसेल का? ठाऊक असणारच. पण रेल्वेच्या पैशात पराभव कोण रंगवतं, आपल्याकडे तरी पानिपताचं चित्र कुठल्या स्टेशनात आहे. आणि विजयच मोजायचे तर आमचीही 1739 ची वसई आहे, नाशकात नारोशंकराच्या देवळावर पोर्तुगीजांची घंटा अजून टांगलेली आहे. हे मी त्या ऑफिसातल्याला सांगितलं, तो नुसता हसला.

एगास मोनिजचं पॅनल मात्र मानलं. राजाच्या वतीने दिलेला शब्द पाळला गेला नाही म्हणून बायकापोरांसकट गळ्यात दोर घालून शत्रूच्या राजासमोर उभा राहिलेला सरदार. अगदी जवळ जाऊन बघितलं तर टाइल्सचे सांधे चेहऱ्यांमधून, हातांमधून सरळ गेलेत, निळ्याच्या छटा मात्र कुठे तुटत नाहीत. चार पावलं मागे आलं की सांधे दिसेनासे होतात.

इथे पोर्तुगालमध्ये 2017 पासून टाइल्सवाली दर्शनी भिंत पाडायला कायद्यानेच बंदी आहे. तरी चोरलेल्या टाइल्स बाजारात येतातच, म्हणजे हेही काही देवमाणसं नाहीत.

असो. या महिन्यात पणजीला कुणी जाणार असेल तर त्या भिंतीचा नीट उजेडातला फोटो पाठवा, टाइल्सचे सांधे दिसतील असा. सोमवारी जेवताना एकाला दाखवायचाय.