ताटामागचा आकडा

आजीच्या माळ्यावरून एक जर्मनचं ताट निघालं. कड एका बाजूने चेपलेली, आणि उलटं केलं की मागे खिळ्याने ठोकून ठोकून काढलेला आकडा : ८७. "बोर्डिंगातलं हाय त्येंचं. टाकू नगंस," एवढंच आजी म्हणाली. आजोबांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. ते ताट जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत घातलं आणि ८ मेच्या दुपारी स्वारगेटहून साताऱ्याची एसटी धरली. ९ मे ही कर्मवीर भाऊराव पाटलांची पुण्यतिथी. १९५९ साली ते गेले. त्या दिवशी त्यांनी साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगातली जुनी माणसं समाधीवर येतात, असं तात्या सांगायचे. अंगात ताकद होती तोवर तेही जायचे.

तात्या आमच्या खटाव तालुक्यातून साताऱ्याला गेले ते १९४४ साली, चालत. पणजोबा पुढे, हे मागे, डोक्यावर जोंधळ्याचं गठुडं. रात्री पुसेगावात एका ओसरीवर निजले आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावावरून साताऱ्यात. माझी गाडी साताऱ्याजवळ आली आणि अजिंक्यतारा दिसायला लागला, तेव्हा वाटलं, त्या बारा वर्षांच्या पोराने हा डोंगर पलीकडच्या अंगाने पाहिला असेल. पायाला फोड आले असतील. आणि शहरात काय वाढून ठेवलंय याचा त्याला काही पत्ता नसेल.

सकाळी लवकर पोवई नाक्यावरून समाधीकडे निघाले. भाऊरावांनी काढलेल्या रयत शिक्षण संस्थेचं मुख्य कार्यालयही तिथेच आहे. वडाचं झाड हे संस्थेचं बोधचिन्ह आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य. आमच्या घरी ते वाक्य भिंतीवर कधी नव्हतं, पण जेवण झाल्यावर तात्यांनी स्वतःचं ताट दुसऱ्या कुणाला घासू दिलं नाही. आजी चिडायची. "बाईमाणसासमोर गडी भांडी घासतोय, लोक काय म्हणतील?" तात्या राखेचा बोळा घेऊन मोरीत बसायचे ते बसायचेच.

समाधीजवळ सावलीत एक आजोबा बसले होते. पांढरी टोपी, नव्वदीला टेकलेले, सोबत नातू. मी नमस्कार केला, कुठली कोण ते सांगितलं आणि ताट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते आधी उलटं केलं. पुढून पाहिलंच नाही. आकड्यावरून अंगठा फिरवला.

"सत्त्याऐंशी. खटावकडचा. उंच, नाकेला. शिट्टी वाजवायचा."

तात्या शिट्टी वाजवायचे हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आकडा का हो आजोबा? नाव का नाही घातलं?"

"नाव घातलं तर आडनाव आलं, पोरी. आडनाव आलं की मागनं जात आली. आमी चार-पाच पोरांनी ठरवलं, आकडंच घालू. माजा एक्केचाळीस."

मग ते बोलत राहिले आणि मी वहीत उतरवत राहिले. पहाटे उठून आळीपाळीने जात्यावर बसायचं. भाकरी थापायची पाळी आली की नव्या पोराची भाकरी हमखास फाटायची आणि ती त्यानेच खायची. बागेत मोट, भाजी, खत. एका पंगतीत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, धनगर, रामोशी. गावाकडे ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याच्याच हातची आमटी इथे मागून घ्यायची. "सुट्टीत घरी गेलो तर आय म्हनायची, बाटून आलास. परत येताना तिनंच सगळ्यांना पुरतील एवढ्या दशम्या बांदल्या," हे सांगताना ते हसले. मग बराच वेळ गप्प बसले.

हे बोर्डिंग साताऱ्यात १९२४ साली निघालं. १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. मुलं भाऊरावांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना वहिनी. घरात धान्य नव्हतं तेव्हा वहिनींनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिलं. त्या १९३० साली गेल्या, म्हणजे तात्या तिथे पोचण्याच्या चौदा वर्षं आधी. तरी तात्या "आमच्या वहिनी" असं म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी त्यांच्या हातचं खाल्लंय. एक्केचाळीस नंबरचे आजोबाही तसंच बोलले. थोरल्या पोरांनी धाकट्यांना सांगितलं, त्यांनी पुढच्यांना. न पाहिलेल्या आईची आठवण अशी एका पिढीतून दुसरीत जाते, हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं.

तिथून धनिणीच्या बागेत गेले. बोर्डिंग इथेच वाढलं. भाज्यांचे वाफे कुठे असतील, मोट कुठे चालत असेल, याचा अंदाज बांधत फिरले. तात्या १९४० साली निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये शिकले. बिनफीचं, राहण्याचीही सोय असलेलं हे विद्यालय नसतं तर पणजोबांनी त्यांना गुरांमागे पाठवलं असतं. गांधीजींच्या हत्येनंतर मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान बंद केलं. ते दिवस तात्यांच्या बोलण्यात फार यायचे. पातळ कण्या, त्याही मोजून. कोण उपाशी राहिला ते कुणी सांगायचं नाही. पुढे गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान सुरू झालं. तात्या देवाला फारसे हात जोडत नसत, गाडगेबाबांच्या तसबिरीला मात्र जोडत.

दुसऱ्या दिवशी कराडला उतरून काले गावी जाऊन आले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी संस्थेची स्थापना इथे झाली. ऊन मी म्हणत होतं. पारावर घटकाभर टेकले आणि पुढे कोल्हापूर गाठलं.

कोल्हापूरला जायचंच होतं, कारण साताऱ्याच्या बोर्डिंगचं मूळ तिथे आहे. दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं की आसपास बोर्डिंगच बोर्डिंग. १९०१ साली मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कुंभोजचा भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला, आणि परतल्यावर आंघोळ करून शुद्ध हो म्हटलं तर नाही म्हणाला. बोर्डिंग सुटलं. महाराजांनी त्याला आसरा दिला. चौकातल्या रहदारीत उभी राहून मी त्या एका नकाराचा विचार करत होते. आंघोळीला नाही म्हणून ज्या पोराची वळकटी बाहेर पडली, त्याने पुढे असं बोर्डिंग काढलं की तिथे माझ्या तात्यांना कुणी जात विचारली नाही.

शाहू बोर्डिंगमधली काही नावं पुस्तकांत आली. पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. तात्या प्राथमिक शिक्षक झाले. माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांची नोकरी गेली आणि दुष्काळात आमच्या दोन खोल्यांत कायम चार-पाच परकी पोरं जेवायला असायची. माझे वडील त्या पोरांबरोबर एकाच सतरंजीवर वाढले. याची नोंद कुठल्या दप्तरात नाही. म्हणून साताऱ्यात त्या आजोबांनी आठवून आठवून सांगितलं, तेवढं तरी इथे लिहिते. नावं त्यांनी सांगितली होती, पण मी त्यांचेच आकडे ठेवते.

४१ : एसटीत कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक. तिन्ही मुली शिकवल्या.
८६ : पाटबंधारे खात्यात कारकून. पगार झाला की बोर्डिंगला पाच रुपयांची मनिऑर्डर, निवृत्तीपर्यंत.
८७ : आमचे तात्या.
८८ : आई वारली म्हणून गावी गेला, परत आला नाही. त्याची पेटी दोन वर्षं सांभाळून ठेवली होती.
९० : गिरणीत मुंबईला. पुढे भेट नाही.

८९ कोण, ते आजोबांना शेवटपर्यंत आठवलं नाही. नातू गाडी घेऊन आला, त्यांना उठवलं, तरी ते मान हलवत "येकुणनव्वद... येकुणनव्वद..." म्हणत होते. गाडीत बसल्यावर काच खाली करून मला म्हणाले, "तबला वाजवायचा बग त्यो. ताटावर."

तुमच्या माळ्यावर, अडगळीत, असं एखादं जर्मनचं ताट असेल तर ते उलटं करून बघा, आणि आकडा दिसला तर मला कळवा.