लाइट गेल्याचा आवाज

झोंबीवाल्या गेमसाठी साउंड मॉड (गेममध्ये आपले आवाज घालणारी जोडणी) बनवायचा म्हटलं की सगळे आधी झोंबींच्याच मागे लागतात, गुरगुरणं, किंचाळणं, हाडं मोडणं वगैरे. पण त्याला कान लगेच सरावतात हो. खरी धडकी भरते ती घरातले रोजचे बारीक आवाज, फ्रिजचा, ट्यूबलाइटचा, गल्लीतल्या डीपीचा म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, एकदम बंद पडतात तेव्हा.

मी ज्या गेमसाठी मॉड बनवतोय त्या प्रोजेक्ट झोम्बॉइडमध्ये हे मस्त जमून येतं, कारण डिफॉल्ट सेटिंगला लाइट पहिल्या 30 दिवसांत कधीतरी कायमचीच जाते, कधी ते आधी कळत नाही. म्हणून मी लाइट आहे तोवर घराघरांत हलकी घूं घूं भरून ठेवलीये, मुद्दाम ऐकायला गेलं तरच कळेल इतकीच, म्हणजे गेली की कानाला चुकल्यासारखं झालंच पाहिजे.

रेकॉर्डिंग सगळं इंदूरचं. फ्रिजचा आवाज रामबागेत आत्याकडे भर दुपारी घेतला, कूलर बंद करून, आत्या बिचारी तेवढा वेळ उकाड्यात गप्प बसून राहिली. डीपीचा मात्र रात्री सराफ्यातून परत येताना, कारण दिवसा हॉर्नपुढे काही हातालाच लागत नाही.

आता गंमत बघा, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आणि ट्रान्सफॉर्मर घुमतो दुप्पट, म्हणजे 100 वर. गेम घडतो 1993 च्या जुलैमध्ये, अमेरिकेत केंटकीला, तिथली वीज 60 ची, म्हणजे घुमणं 120 ला हवं. म्हणून ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पिच 20 टक्के वाढवला. इंदूरची डीपी सा धरून असेल तर केंटकीची बरोब्बर कोमल गंधारावर येते! कोणाला कळणारे असं मित्र म्हणाला, पण तिकडचे लोक जन्मभर तोच सूर ऐकतात, त्यांच्या कानाला खटकणारच, माझं तरी हेच मत आहे. कोकिळा आणि टिटवी आलेले तुकडे पण सगळे काढून टाकले, केंटकीत कुठली टिटवी.

फाइल मोनोच, म्हणजे एकाच चॅनेलची ठेवायची, नाहीतर गेमला तो आवाज फ्रिजच्या जागेवरून ऐकवता येत नाही आणि फ्रिज डावीकडे आहे की उजवीकडे ते कळत नाही. आणि एकच लूप फिरवला तर कान पकडतात, म्हणून 17 सेकंदांचा एक आणि 23 चा दुसरा असे एकावर एक चालवले, दोघं पुन्हा एकत्र सुरू होतात ते थेट 391 सेकंदांनी, म्हणजे साडेसहा मिनिटांनी. तोवर कोण लक्षात ठेवतंय.

अजून एक, नुसता वाजवलेला आवाज झोंबींना ऐकू जात नाही, त्यासाठी लुआमध्ये, म्हणजे मॉडच्या कोडमध्ये, ॲडसाउंड ही कमांड वेगळी द्यावी लागते. ती मी दिलेली नाही, त्यामुळे या घूं घूंमुळे दारात गर्दी होणार नाही, घाबरू नका.

सध्या गेममधल्या जनरेटरच्या आवाजाचं काम चाललंय. तो लावला की फक्त त्याच घरातली घूं घूं परत यायला पाहिजे, पण त्याचाच धडधडाट इतका की फ्रिज ऐकूच येत नाही, तर भिंतीआडून धडधड किती दाबायची ते बघतोय.