घरात कोण कोण राहतं?

टोरांटोच्या स्कारबरो भागात मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी तपासणीला जाते. न्हाणीघरात धरायला दांडा हवा का, जिना झेपतो का, असली कामं. त्या दिवशी कागदावर चिनी नाव होतं, म्हणून फोनवर दुभाषा तयार ठेवला होता. दार उघडलेल्या बाईंनी माझी टिकली पाहिली आणि विचारलं, "चाय पियोगी, बेटी?" दुभाषाला सुट्टी!

आंटी मूळच्या शिलाँगच्या, हक्का या चिनी समाजातल्या. वडिलांचं चपला-बुटांचं दुकान. गप्पा रंगल्या होत्या, पण 'घरात कोण कोण राहतं' या रकान्यापाशी आल्यावर त्यांनी माझ्या पेनावर हात ठेवला. "लिस्ट किसलिए? पुलिस को जाएगी?"

नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनशी लढाई चालू असताना, पोलीस त्यांच्या दारी आले ते यादी घेऊनच. थोडे कपडे घ्या, म्हणाले. आधी तुरुंग, मग आठवडाभर रेल्वे, थेट राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत (आपली वर्ध्याकडची देवळी नव्हे). आंटी तेव्हा शाळकरी पोर. त्यांचा राग शिपायांवर फारसा नाही, गाडीतल्या भातावर आहे. "नीचे जला, ऊपर कच्चा," म्हणत त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एक न दिसणारं शीत दाबून दाखवलं.

आमच्या घरी बासष्ट म्हणजे यशवंतराव. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला. आजोबा हे छाती फुगवून सांगायचे. त्याच महिन्यात आसामकडे चिनी वंशाच्या लोकांची घरं रिकामी होत होती, हे त्या गोष्टीत कधी आलं नाही. सुमारे तीन हजार माणसं देवलीत नेली, त्यातली कितीतरी भारतातच जन्मलेली. लढाई महिन्याभरात थांबली; छावणीतले शेवटचे लोक सुटायला १९६७ उजाडलं. १९६३ मध्ये दोन हजारांहून अधिक जण मद्रासहून बोटीनं चीनला गेले. आंटींचे वडील नाही म्हणाले. सुटून आले तर दुकान गेलेलं, वर ठाण्यात हजेरी. मग कोलकाता, मग कॅनडा.

तो रकाना आंटींनी भरू दिला नाहीच. भिंतीवर मुलगा, सून, नातवंडं हसत होती, तरी. दांडा मंजूर झाला. माहिती अपुरी आहे म्हणून कार्यालयातून फोन आला, तेव्हा 'सांगायला नकार' एवढंच लिहा म्हटलं.