चुकलेली टाळी

पाश्चात्य अभिजात संगीताच्या मैफलीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा चुकीच्या जागी टाळी वाजवली. एकच, पण खणखणीत.

चायकोव्हस्कीच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचा, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेचा, पहिला भाग संपला होता. तो कसा संपतो हे ज्यांनी ऐकलंय ते मला माफ करतील. व्हायोलिन जीव खाऊन पळत असतं, सगळा ऑर्केस्ट्रा त्याच्या मागे, आणि शेवटी सगळे मिळून असा दणका देतात की आता जगात वाजवण्यासारखं काही उरलेलंच नाही. माझे हात आपोआप एकमेकांवर आपटले. मग शांतता. कोणीतरी खोकलं. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. अजून दोन भाग बाकी होते आणि ते मी हात मांडीखाली दाबून ऐकले.

घरी आल्यावर आधी शोधलं ते हे, की भागांच्या मध्ये टाळी वाजवायची नाही हा नियम केला कोणी. मोझार्टने तर नक्कीच नाही. १७७८ साली पॅरिसमध्ये त्याची सिम्फनी वाजली तेव्हा पहिल्या भागात एक जागा त्याने मुद्दाम पेरून ठेवली होती. ती आली आणि लोकांनी संगीत चालू असतानाच टाळ्या वाजवल्या. पठ्ठ्याने हे वडिलांना पत्रात अगदी खुशीत कळवलंय, वर कार्यक्रमानंतर आइस्क्रीम खाल्ल्याचंही लिहिलंय. १८१३ साली व्हिएन्नात बेटहोव्हेनची सातवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा तिचा दुसरा भाग लोकांनी पुन्हा वाजवायला लावला होता. म्हणजे माझी टाळी चुकीची नव्हती, फक्त दोनेकशे वर्षं उशिरा पडली होती. एवढं समाधान पुरलं आणि मी पुन्हा ऐकायला बसले.

या शोधातच मेंडेल्सोहन सापडला. ई मायनरमधल्या कॉन्चेर्टोची सुरुवात डोक्यात घोळतेय आणि ती स्वस्थ बसू देत नाही, असं त्याने १८३८ साली फर्डिनांड डेव्हिड या व्हायोलिनवादक मित्राला लिहिलं. लाइपझिगला तो कॉन्चेर्टो वाजला १८४५ मध्ये, डेव्हिडच्याच हातून. सहा-सात वर्षं एक सुरावट उशाशी घेऊन झोपणं म्हणजे काय असेल! पण मला आवडतो तो त्यातला एक बारीक धागा. पहिला भाग संपतो, सगळी वाद्यं थांबतात, आणि एकटा बसून (बासून, हे फुंकून वाजवायचं वाद्य) आपला एक स्वर सोडतच नाही. तो धरून ठेवलेल्या स्वरावरूनच दुसरा भाग अलगद सुरू होतो. टाळीला फटच नाही. इथे माझ्यासारखीचेही हात गप्प बसतात, आणि तेही कोणी डोळे न वटारता.

चायकोव्हस्कीची गोष्ट मात्र वेगळीच निघाली. १८७८ मध्ये लिहिलेला हा कॉन्चेर्टो त्याने लिओपोल्ड आउअर या व्हायोलिनवादकाला अर्पण केला होता आणि आउअरने वाजवायला नकार दिला. शेवटी १८८१ मध्ये आडोल्फ ब्रॉडस्कीने तो व्हिएन्नात वाजवला, तर हान्सलिक नावाच्या बड्या समीक्षकाने लिहिलं की संगीताला दुर्गंधी असू शकते हे यावरून कळतं. पुढे आउअरने आपलं मत बदललं. आणि गंमत म्हणजे त्याचाच शिष्य यशा हायफेट्झ. त्याने हा कॉन्चेर्टो असा वाजवलाय की इतकं अवघड काही चाललंय यावर विश्वास बसू नये. चेहरा दगडासारखा, रेषासुद्धा हलत नाही. त्यावरून त्याला थंड म्हणणारे बरेच आहेत. त्यांनी डोळे मिटून ऐकावं, एवढंच म्हणेन. डेव्हिड ओइस्त्राखकडे तेच स्वर ऊबदार होऊन येतात, गज तारेवर जरा जास्त रेंगाळतोय असं वाटतं. कागदावरचं संगीत जवळजवळ तेच असतं. संगीतकाराने सगळं लिहून ठेवलेलं असताना वादकाचं असं काय उरतं, हा माझा सुरुवातीचा प्रश्न होता. आता तो विचारायची लाज वाटते.

ओइस्त्राखचाच एक किस्सा मला फार प्रिय आहे. शोस्टाकोविचचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो १९४८ मध्ये पूर्ण होऊनही काही वर्षं खणात पडून होता. तो काळच तसा होता, स्टालिनचा; सरकारला न रुचणारं संगीत पुढे आणणं धोक्याचं. १९५५ मध्ये लेनिनग्राडला ओइस्त्राखने तो वाजवला. त्यात शेवटच्या भागाआधी एक भलामोठा कॅडेन्झा आहे, व्हायोलिन एकटंच, आणि तिथून न थांबता थेट धावत्या शेवटच्या भागात उडी. ओइस्त्राखने संगीतकाराला विनंती केली की शेवटच्या भागाची सुरुवात तेवढी ऑर्केस्ट्राला द्या, म्हणजे मला कपाळावरचा घाम तरी पुसता येईल. शोस्टाकोविचने ते ऐकलं. त्या जागी ऑर्केस्ट्रा उसळला की मला आता रुमाल दिसतो.

आणि मग बाख. १७२० च्या हस्तलिखितातली एकट्या व्हायोलिनसाठीची शकोन. चार बारांची (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन म्हणा) एक छोटी आकृती, तीच साठहून अधिक वेळा, दर वेळी नव्या रूपात, जवळजवळ पंधरा मिनिटं. व्हायोलिनची घोडी कमानदार असते, त्यामुळे गज चारही तारांवर एकदम टेकत नाही. बाखने लिहिलेले चार स्वरांचे पुंजके वादकाला फोडूनच वाजवावे लागतात. तरीही आपल्याला ते एकत्र ऐकू येतात. अर्धं काम कान करतो. त्याच वर्षी बाख परगावी असताना त्याची पत्नी वारली, तो परतला तोवर दफनही झालं होतं. म्हणून ही रचना तिच्यासाठी, असं सांगणारे भेटतात. मला ते जोडकाम घाईचं वाटतं. पण मध्यावर डी मायनर ही उदास वाटणारी स्वरपट्टी सोडून सूर उजळ मेजरमध्ये जातो, खोलीत कोणीतरी अचानक खिडकी उघडावी तसा, तेव्हा माझाही वाद घालायचा उत्साह मावळतो. संगीतकार ब्राम्सने आपल्या पियानोवादक मैत्रिणीला, क्लारा शूमानला, लिहिलं होतं की असं काही मला सुचलं असतं तर मी वेडाच झालो असतो. मग त्याने ही शकोन पियानोसाठी लिहिली, फक्त डाव्या हातासाठी. व्हायोलिनवाल्याची ती ओढाताण त्याला स्वतःच्या हातात हवी होती.

शकोनच्या शेवटी नुसता 'डी' येतो. सोबत दुसरा स्वर नाही, त्यामुळे मेजर की मायनर, काहीच सांगत नाही. माझ्याकडे एका जिवंत मैफलीचं ध्वनिमुद्रण आहे. त्यात तो 'डी' अजून पुरता विरलेला नसताना एक टाळी पडते. एकटीच, खणखणीत. मग पाच-सहा सेकंद काही नाही, आणि त्यानंतर बाकीचं सभागृह. जाणकार मित्र म्हणतात, त्या माणसाने सगळा शेवट नासवला. मी मात्र दर वेळी शेवट जवळ आला की त्याची वाट बघत बसते.