मॅकबेथ अभिवाचन: मेजवानीपर्यंत पोचलो

तिसरा अंक बसला. राजा डंकन गेला, मॅकबेथचा सोबती सरदार बँको गेला, मुकुट मॅकबेथच्या डोक्यावर आहे. नौपाड्यातल्या मित्राच्या हॉलमध्ये रविवारच्या तालमी चालू आहेत. शेक्सपिअरच्या शोकांतिकांत हे नाटक सर्वांत छोटं, म्हणून हौशी गटाला झेपेल असं वाटलं होतं. छोटं आहे खरं, पण दमवतं.

सुरुवातीला गटाचं म्हणणं एकच: चेटकिणींनी नादी लावलं, बायकोनं भरीला घातलं, बिचारा मॅकबेथ. वाचत गेलो तसं ते टिकेना. चेटकिणी राजा होशील म्हणतात. खून कर असं त्यांच्या तोंडी कुठेच नाही. तो विचार त्याचा स्वतःचा, आणि बायकोची गाठ पडण्याआधीच आलेला. पुढे तर तोच यादी करतो: डंकन नात्यातला, आपला राजा, वर आज घरचा पाहुणा, आणि माणूसही भला. मारायला कारण काय, तर निव्वळ महत्त्वाकांक्षा. आमचा मॅकबेथ आता हे स्वगत हातवारे न करता, वकिलाने मुद्दे मांडावेत तसं वाचतो. अंगावर येतं.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो डंकनच्या खुनानंतरच्या, नवरा-बायकोच्या या तुकड्याने:

‘काही बोललात?’
‘केव्हा?’
‘आत्ता.’
‘मी उतरत होतो तेव्हा?’
‘हो.’

दोघंही मुरलेले वाचक, त्यामुळे एकेका शब्दाला वजन द्यायचे आणि प्रसंग पडायचा. शेवटी त्यांना पाठीला पाठ लावून बसवलं आणि समोरच्याचं संपतंय न संपतंय तोच पुढचं वाक्य घ्यायला लावलं. मग कुठे भीती आली. दारावरच्या थापा मी लाकडी पाटावर मुठीने देतो. शेजारच्या काकू चौकशीला आल्या, म्हणजे जमतंय!

लेडी मॅकबेथ वाशीहून ट्रान्स-हार्बरने येते आणि संहिता गाडीतच घोटते. मेजवानीनंतर हे जोडपं रंगमंचावर पुन्हा एकत्र येतच नाही, हे तिनेच दाखवलं. डंकनचा बेत दोघांचा होता. बँकोच्या वेळी मॅकबेथ तिला पत्ताही लागू देत नाही. पुढे ती दिसते ती झोपेत चालताना, हातावरचं रक्त चोळताना. त्यामुळे मेजवानीच्या शेवटी, पाहुणे गेल्यावर, तिची वाक्यं अगदी थकलेली ठेवलीत.

बँकोचं भूत दाखवायचं का, यावरून मात्र जुंपली. शेक्सपिअरच्याच काळातल्या सायमन फॉर्मन या ज्योतिषाने 1611 मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग पाहून लिहून ठेवलंय की भूत येऊन मॅकबेथच्या खुर्चीत बसलं. आम्ही खुर्ची रिकामीच ठेवली. अभिवाचनात तेच शोभतं. बँको वाचणारा नाराज आहे, पण त्याला सोज्वळ बँकोही नको आहे. त्याचं बरोबर आहे. बँकोला संशय येतो, तरी तो गप्प बसतो, कारण गादी आपल्या वंशाकडे येणार हे भाकीत त्यालाही गोड लागलेलं असतं.

चेटकिणींची देवता हेकटी, तिचे प्रवेश कापले. डंकनचा मुलगा माल्कम आणि सरदार मॅकडफ यांचा इंग्लंडमधला लांबलचक संवाद निम्म्यावर आणतोय, पण बायकापोरं मारली गेल्याची बातमी मॅकडफला कळते तिथे एकही शब्द कापायचा नाही, हे ठरलंय. पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात. चेटकिणींसाठी एक आवाज अजून कमी आहे. ठाण्यात कुणी मोकळं असेल तर कळवा.